आकडे एक सांगतात, माणसं भलतंच! आर्थिक भूगोलात विश्वास कशावर ठेवायचा?

नकाशावही · सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते. आज अडले म्हणून धागा काढतेय.

आर्थिक भूगोलात पीएच.डी. चालू आहे, तिसरं वर्ष. विषय वरवर सोपा: यंत्रांचे सुटे भाग बनवणारे शे-दीडशे लहान कारखाने एकमेकांना खेटून का वसलेत? आधी १४० कारखान्यांत प्रश्नावली भरून घेतली आणि रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते काढायची संख्याशास्त्रातली पद्धत) चालवलं. एका बाजूला दर कामगारामागचं उत्पादन, दुसऱ्या बाजूला आसपास किती कारखाने आहेत ते. कारखान्याचं वय, आकार, यंत्रसामग्री वगैरे नियंत्रणात. शेजार जितका दाट तितकं उत्पादन जास्त, असं स्वच्छ उत्तर आलं. अर्थशास्त्रज्ञ मार्शलने १८९० सालीच सांगून ठेवलंय की एका जागी धंदा जमला की कसबी कामगार मिळतात, पूरक धंदे उभे राहतात आणि धंद्यातल्या खुब्या जणू हवेतून पसरतात. मी खूश.

मग २२ मालकांच्या मुलाखती घेतल्या. "शेजाऱ्यांकडून काही शिकायला मिळतं का?" यावर एक जण म्हणाला, "शेजारी? आमचं पाच वर्षं बोलणं नाही." दुसऱ्याने खिडकीला मुद्दाम काळी काच लावलीय, बाजूच्याला नवीन जिग (काम करताना भाग धरून ठेवायचा साचा) दिसू नये म्हणून. इथेच का, तर "वडिलांनी इथे जागा घेतली." बावीसपैकी सतरा जणांचं थोड्याफार फरकाने हेच.

माझ्या प्रबंध समितीतले एक सर म्हणतात, मुलाखती म्हणजे किस्से, परिशिष्टात टाका. मॅडम म्हणतात, रिग्रेशन म्हणजे कोणालाही काही न विचारता काढलेलं उत्तर. मला सह्या दोघांच्याही हव्यात.

आता कोणाचं खरं धरू?

चष्मिस · सोमवार, रात्री १०.१२

काळी काच आवडली. वाचनखूण साठवली आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

साखळीवाला · सोमवार, रात्री ११.०५

सह्यांचं नंतर बघू. आधी सांगा, हा 'समूह' (एका जागी दाटलेला उद्योग) आहे हेच मुळात कशावरून ठरवलंत? बहुधा लोकेशन क्वोशंट काढला असणार.

नकाशावही · सोमवार, रात्री ११.२०

हो, पहिल्या प्रकरणात. जिल्ह्याच्या रोजगारात या उद्योगाचा वाटा, भागिले देशाच्या रोजगारात त्याचा वाटा. गोल आकड्यांत सांगते: जिल्ह्यात १,२०,००० कामगार, त्यातले ६,००० या उद्योगात, म्हणजे ५ टक्के. देशात १.२५ टक्के. भागाकार ४. एकच्या वर गेला की विशेषीकरण म्हणतात, इथे तर चौपट!

साखळीवाला · सोमवार, रात्री ११.२६

शेजारचा जिल्हा त्यात मिसळा आणि पुन्हा भागा.

नकाशावही · सोमवार, रात्री ११.५८

मिसळला. शेजारी २,८०,००० कामगार आहेत, त्यातले या उद्योगात जेमतेम १,४००. दोन्ही मिळून ४,००,००० मध्ये ७,४००, म्हणजे १.८५ टक्के. भागाकार १.४८.

एक रेघ पुसली आणि ४ चे १.४८ झाले. एकही कारखाना जागचा हलला नाही!

साखळीवाला · मंगळवार, सकाळी ७.१५

हेच तुमच्या हातून व्हायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर विसरला असता.

ही अडचण जुनी आहे. १९३४ साली गेल्के आणि बील यांनी दाखवलं की लहान भाग एकत्र करत मोठे करत गेलं की सहसंबंधाचा गुणांक (दोन गोष्टी किती जोडीने वाढतात-घटतात ते सांगणारा, उणे एक ते अधिक एकमधला आकडा) बदलत जातो. १९७९ मध्ये ओपनशॉ आणि टेलर यांनी तर कहर केला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ९९ काउंट्या. त्यांनी वृद्धांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मतं ही दोन साधी माहितीसदरं घेतली आणि काउंट्या वेगवेगळ्या प्रकारे एकत्र जोडत गेले. तीच माणसं, तीच मतं. पण गुणांक जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत हवा तसा मिळतो. सीमारेषा कुठे मारायची हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो आणि तो आकड्याच्या पोटात जाऊन बसतो.

दुसरं उदाहरण मी प्रत्येक नवशिक्याला ऐकवतो. १९५० साली रॉबिन्सनने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हिशोब मांडला. राज्यवार पाहिलं तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, गुणांक उणे ०.५२६. एकेका माणसाचा विचार केला तर उलटं: परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच, अधिक ०.११८. कारण स्थलांतरित अशा राज्यांत जाऊन राहिले होते जिथे मूळचे लोक चांगले शिकलेले होते. राज्याचं खरं ते माणसाचं खरं असेलच असं नाही.

तुमच्या समितीतले सर मुलाखतींना किस्से म्हणतात ना? त्यांना विचारा, जिल्ह्याची हद्द ज्याने आखली त्याने उद्योगाचा विचार करून आखली होती का?

पी व्हॅल्यू · मंगळवार, सकाळी १०.३०

साखळीवाले काकांशी अर्धा सहमत. हद्दीच्या रोगावर औषध आहे. हद्द वापरूच नका, प्रत्येक कारखाना नकाशावर बिंदू म्हणून घ्या आणि बिंदूंमधली अंतरं मोजा. ड्युरँटन आणि ओव्हरमन यांनी २००५ मध्ये हेच केलं: एका उद्योगातल्या कारखान्यांमधली सगळी अंतरं काढायची आणि ती योगायोगाने पडतील त्याहून जवळची आहेत का ते तपासायचं. त्यासाठी बाकी उद्योगांचेही बिंदू हवेत, तेवढे मिळवा.

पण ताई, तुमच्या मुलाखतींबद्दल माझं म्हणणं कडक आहे. एक तर जे कारखाने बंद पडले त्यांच्या मालकांना तुम्ही भेटला नाहीत. तुमच्याकडे फक्त तगलेल्यांचा जबाब आहे. दुसरं, माणसाला आपण जे करतो ते का करतो हे माहीत असतंच असं नाही. जाहिरात न देता सकाळी फाटकावर कसबी कामगार हजर होतो, ही मालकाला जगरहाटी वाटते. तो ते 'जवळ असण्याचा फायदा' म्हणून सांगणार नाही. दुसऱ्या जागी एकट्याने कारखाना काढून बघितला असता तर कळलं असतं.

अर्थशास्त्रज्ञ क्रुगमनचं १९९१ चं मॉडेल घ्या. मोठ्या प्रमाणावर उत्पादन केलं की खर्च उतरतो, वाहतुकीला पैसे पडतात आणि कामगार हलू शकतात, एवढ्यावर उद्योग एका जागी गोळा होतात. त्या मॉडेलमध्ये कोणी शेजाऱ्याशी एक शब्द बोलत नाही. तेव्हा "पाच वर्षं बोलणं नाही" यात तुमच्या रिग्रेशनच्या विरोधात जाणारं काही नाहीच.

आडवाट · मंगळवार, दुपारी १.४५

पी व्हॅल्यू, क्रुगमनने तेव्हा असंही म्हटलं होतं की ज्ञान पसरतं ते डोळ्यांना दिसत नाही, कागदावर माग ठेवत नाही, म्हणून त्याच्या मागे लागू नये. दोनच वर्षांत जॅफ, ट्रॅक्टनबर्ग आणि हेंडरसन यांनी पेटंटमध्ये दिलेले आधीच्या पेटंटांचे दाखले मोजून माग काढून दाखवला, आणि दाखले जवळच्या जवळ जास्त दिले जातात असं निघालं. तेव्हा 'दिसत नाही' म्हणण्याआधी कुठे बघतोय ते बघावं. अर्थात सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यात पेटंट कोण घेतंय! तिथे माग वेगळ्याच कशात असणार.

आता थोडा इतिहास, कारण हे भांडण समितीतल्या दोघांचं नाही, विषयाचं आहे. १९५३ मध्ये भूगोलतज्ज्ञ शेफरचा लेख आला: भूगोलाने प्रत्येक प्रदेश अद्वितीय म्हणून वर्णन करत बसणं सोडावं आणि नियम शोधावेत. लेख छापून आला तोवर शेफर हयात नव्हता. मग सिएटलला गॅरिसनच्या हाताखाली तरुणांची एक फळी तयार झाली, संगणक आणि संख्याशास्त्र घेऊन. फॉन थ्यूनेनची शेतीची १८२६ ची वर्तुळं, वेबरचा कारखान्याच्या जागेचा १९०९ चा त्रिकोण, क्रिस्टालरचे बाजारगावांचे १९३३ चे षट्कोन, सगळ्याला नवी झळाळी आली.

मला गंमत वाटते ती पुढची. ज्यांना गणित येत नव्हतं ते विरोधात गेले असं झालं नाही. बंगी १९६२ मध्ये सैद्धांतिक भूगोलाची भूमिती मांडतो आणि १९७१ मध्ये डेट्रॉइटमधल्या एकाच वस्तीवर पुस्तक लिहितो, तिथल्या रहिवाशांबरोबर काम करून. हार्वी १९६९ मध्ये वैज्ञानिक स्पष्टीकरण कसं असावं यावर जाडजूड ग्रंथ देतो आणि १९७३ मध्ये शहरातल्या विषमतेकडे, मार्क्सकडे वळतो. हत्यार उत्तम येत होतं. त्यांना पडलेले प्रश्न त्या हत्याराने सुटत नव्हते.

डोरीन मॅसीचं १९८४ चं काम यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दोन प्रदेशांत एकाच उद्योगातल्या नोकऱ्या सारख्याच वाढल्या असतील, तक्त्यात दोन्हीकडे एकच आकडा. पण एकीकडे निर्णय घेणारं मुख्यालय आणि संशोधन, दुसरीकडे नुसती जुळणी, आणि ती शाखा कधीही बंद करता येईल अशी. नोकऱ्या मोजून हे कळत नाही. कोण कोणाच्या हुकमात आहे ते शोधावं लागतं.

त्याच वर्षी अँड्र्यू सेयरने केलेला भेद, नकाशावही, तुमच्या कामाचा आहे. विस्तृत संशोधन विचारतं: हे गुणधर्म किती जणांत, कोणत्या गुणधर्मासोबत कोणता आढळतो? सखोल संशोधन विचारतं: या ठरावीक प्रकरणात ते घडलं कसं, कोणी कोणाशी काय केलं? पहिल्यात गट हा सारखेपणावरून बनतो, दुसऱ्यात प्रत्यक्ष संबंधांवरून. तुम्ही रिग्रेशनला 'किती' विचारलंत, मुलाखतीत 'कसं' विचारायला हवं होतं. पण तिथेही 'किती'च विचारलंत, फक्त तोंडी. "शेजाऱ्यांकडून शिकता का?" ही प्रश्नावलीच झाली.

नकाशावही · मंगळवार, दुपारी २.१०

आडवाट, शेवटचं वाक्य लागलं. पण बरोबर आहे.

चष्मिस · मंगळवार, दुपारी ३.००

अवांतर: 'गुणात्मक' हा शब्दच घोळ करतो. मराठीत 'गुणात्मक सुधारणा' म्हणजे दर्जा वाढला. त्यामुळे 'गुणात्मक संशोधन' म्हटलं की दर्जेदार आणि 'संख्यात्मक' म्हटलं की नुसती खोगीरभरती, असं ऐकू येतं. माझ्या एका मित्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने खरंच विचारलं होतं, "बाकीचं संशोधन गुणात्मक नाही का?"

पी व्हॅल्यू · मंगळवार, दुपारी ३.२५

हाहा. पण आडवाट, सखोल संशोधनाची पळवाट होते त्याचं काय? अ‍ॅन मार्कुसनने १९९९ मध्ये हेच सुनावलं होतं: संकल्पना धूसर, पुरावा तुटपुंजा, आणि धोरण ठरवणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. 'सामाजिक भांडवल', 'रुजलेपण' असे शब्द, की दोन वाचकांनी दोन अर्थ काढावेत आणि दोघेही बरोबर ठरावेत.

सॅक्सेनियनचं १९९४ चं पुस्तक सगळे आदर्श म्हणून दाखवतात. सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनजवळचा रूट १२८, दोन्ही इलेक्ट्रॉनिक्सचे गड. व्हॅली सावरली आणि पुढे गेली, कारण तिथे लोक कंपन्या बदलत, माहिती वाटून घेत. रूट १२८ च्या कंपन्या आपापल्या कोषात. वाचायला झकास. पण प्रकरणं दोनच. १९९९ मध्ये गिल्सनने दाखवून दिलं की कॅलिफोर्नियात 'नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' असा करार न्यायालयात टिकत नाही, मॅसेच्युसेट्समध्ये टिकू शकतो. मग ती संस्कृती होती की कायदा?

आडवाट · मंगळवार, दुपारी ४.४०

आक्षेप मान्य. पण लोक कंपन्या बदलतात हेच महत्त्वाचं आहे, हे आधी शेकडो तास माणसांशी बोलून सॅक्सेनियनने टेबलावर ठेवलं, म्हणून गिल्सनला त्यामागचा कायदा शोधावासा वाटला. रोजगाराच्या तक्त्यात तो रकाना नव्हताच.

टेपरेकॉर्डर · मंगळवार, रात्री १०.२०

उशिरा आले, पण मुलाखतींवर पोट भरते म्हणून लिहिते.

नकाशावही, "शेजाऱ्यांकडून शिकता का" हा प्रश्न तुमच्या प्रबंधातला आहे, त्या माणसाच्या दिवसातला नाही. शिवाय कोणता मालक रेकॉर्डरसमोर म्हणेल, "हो, मी नक्कल करतो"? मत विचारू नका, प्रसंग विचारा. शेवटचं मशीन कधी बंद पडलं? पहिला फोन कोणाला केलात? तो किती वेळात आला? त्याच्याकडे नसलेला भाग कुठून आणला? अशी तीन-चार उत्तरं मिळाली की तो माणूस आपोआप सगळा नकाशा काढून देतो आणि त्याला पत्ताही नसतो.

माझा एक अनुभव. एका मालकाने चाळीस मिनिटं मला दर्जा, ग्राहक, भविष्य यांवर व्याख्यान दिलं. दुसरं युनिट का काढलं? "विस्तार." मी रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला, तो फाटकापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "विस्तार कसला, धाकट्याशी वाटणी झाली, म्हणून शेड दोन." सरकारी आकडेवारीत तो वाढीचा पुरावा झाला असता. (ते वाक्य वापरायची परवानगी मी नंतर फोन करून मागितली. मिळाली. मिळाली नसती तर वापरलं नसतं.)

एरिका शोनबर्गरचा १९९१ चा लेख कंपन्यांच्या मुलाखतींवरच आहे, जरूर बघा. आर्थिक परिस्थिती भराभर बदलत असते तेव्हा आधीच छापलेले पर्याय जुने ठरतात, म्हणून मोकळी मुलाखत, हा तिचा मुद्दा आजही चालतो. आणि कोण विचारतंय हेही नोंदवून ठेवा. विद्यार्थिनीला मालक समजावून सांगतो, दुसऱ्या मालकाला बढाई मारतो, सरकारी माणसाला रडगाणं ऐकवतो.

पी व्हॅल्यू · बुधवार, सकाळी ९.५०

प्रसंग विचारण्याची कल्पना मलाही पटली, त्यामुळे फुकटचा एक सल्ला. पुन्हा जाणारच असाल तर कोणाकडे जायचं ते मॉडेलला विचारा. रेसिड्यूअल काढा, म्हणजे मॉडेलच्या अंदाजापेक्षा कोण किती वर, किती खाली. ते नकाशावर टाका. वरचे एका कोपऱ्यात, खालचे दुसऱ्या कोपऱ्यात असे गोळा झाले असतील तर मॉडेलमधून काहीतरी सुटलंय. मोरानचा आय (शेजारशेजारचे आकडे एकमेकांसारखे आहेत का ते मोजणारा आकडा) काढला की ते डोळ्यांवर सोडावं लागत नाही. आणि मुलाखत अशांचीच घ्या, जिथे मॉडेल सपशेल चुकलंय. जिथे बरोबर आलंय तिथे जाऊन काय विचारणार?

नकाशावही · साडेतीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०

धागा वर काढतेय. मध्यंतरी गायब होते, कारण पुन्हा फिरत होते.

रेसिड्यूअल नकाशावर टाकले. अंदाजापेक्षा वर असलेले ११ कारखाने दोन गल्ल्यांत निघाले, आणि त्या गल्ल्या काही सर्वांत दाट नाहीत. दाटीचं मॉडेल तिथेच तोंडावर आपटलं. त्यांतल्या ९ मालकांकडे गेले. 'शिकता का' हा शब्दही काढला नाही. मशीन शेवटचं कधी बंद पडलं, एवढंच.

नऊपैकी आठ जणांनी एकाच माणसाचं नाव घेतलं. फिटर आहे, कोणाचाही नोकर नाही. सकाळपासून गल्लीत असतो, बोलावलं की वीस मिनिटांत येतो. काळ्या काचेवाल्याकडेही तोच जातो, आणि ज्याच्यापासून काच लावलीय त्याच्याकडेही तोच! मी काळ्या काचेवाल्याला सहज म्हटलं, तुमच्या मशीनला बसवलेला हा स्टॉपर मी बाजूला पाहिलाय. म्हणाला, "असेल. त्यानेच बसवला." त्याला यात काही विशेष वाटलंच नाही.

पाच वर्षं बोलणं नाही हे खरं. दोघांचा फिटर एक हेही खरं.

टेपरेकॉर्डर · रविवार, रात्री ८.५२

अंगावर काटा आला. आता त्या फिटरला हिरो करू नका. त्याला विचाराल तर तोही म्हणेल, "सगळं मीच शिकवलं."

पी व्हॅल्यू · रविवार, रात्री ९.१५

मस्त! आता मोजा. मालक एका बाजूला, फिटर दुसऱ्या बाजूला, कोणाकडे कोण जातो याचा तक्ता करा. १४० जणांना फोन करून एकच प्रश्न: मशीन बिघडलं की कोण येतं? मग मॉडेलमध्ये दाटीच्या शेजारी 'सामाईक फिटर' घालून बघा. दाटीचा गुणांक (म्हणजे मॉडेलमधला तिचा परिणाम) कोसळला तर तुमच्या हाती काहीतरी आहे. उलटी बाजूही तपासा: चांगल्या कारखान्यांकडे चांगला फिटर जातो, असंही असू शकतं. तो कधीपासून जातो ते साल विचारा, म्हणजे आधी काय आणि नंतर काय ते कळेल. आणि बंद पडलेल्यांचे फोन नंबरही त्याच्याचकडे असतील.

साखळीवाला · रविवार, रात्री ९.४०

हा फिटर सरकारी वर्गीकरणात 'दुरुस्ती सेवा'मध्ये पडतो, नोंदणी केली असेल तर. म्हणजे तुमच्या त्या ६,००० मध्ये तो नाही. ज्याच्यामुळे समूह समूह आहे तोच लोकेशन क्वोशंटच्या बाहेर.

आणखी एक. प्रबंधात त्याला 'फिटर क्र. १' म्हटलंत तरी त्या दोन गल्ल्यांत सगळे ओळखतील. टोपणनाव पुरत नाही. काय छापणार ते आधी त्याला वाचून दाखवा.

नकाशावही · रविवार, रात्री १०.०५

हे डोक्यात आलंच नव्हतं, दोन्हीही. वाचून दाखवेन.

सरांना या नऊ जणांचा तक्ता आधीच दाखवला होता, म्हणाले "हे मुख्य प्रकरणात घ्या." मॅडम म्हणाल्या, "तक्त्याआधी तो माणूस येऊ दे." म्हणजे भांडण आता पानांच्या क्रमावर आलंय. चालेल.

शनिवारी फिटरची मुलाखत मागितली होती. म्हणाला, बसून बोलायला वेळ नाही, दिवसभर गाडीवर मागे बसा आणि काय ते बघा. जातेय.

साखळीवाला · रविवार, रात्री १०.०८

जा. फोनचं जीपीएस चालू ठेवा.